प्लास्टिक मॉडेल किटचे साचे कसे बनतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किट जुळवताना पडणाऱ्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर प्लास्टिकमध्ये सापडत नाही, ते पोलादात सापडतं. ही रेघ इथेच का आली, हा गोल ठसा कसला, सरळसोट दिसणारा पार्ट दोन तुकड्यांत का दिला, हे सगळं साच्याने ठरवलेलं असतं. पुढची उत्तरं वाचताना हातात एखादी फ्रेम (पार्ट जोडलेले असतात ती प्लास्टिकची चौकट) असली तर उत्तम. पार्ट बघून साचा ओळखायची सवय लागली की किट जुळवणंही सोपं जातं.

साच्यात नेमकं काय घडतं?

साचा म्हणजे एकमेकांवर घट्ट बसणारे पोलादाचे दोन जड ठोकळे. दोघांच्या समोरासमोरच्या तोंडांवर पार्टचा उलटा आकार कोरलेला असतो. मशीन ते दाबून धरतं, साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसला वितळलेलं पॉलिस्टायरीन मधल्या पोकळीत जोरात शिरतं आणि एखाद्या सेकंदात ती भरते. साच्यात पाण्याच्या वाहिन्या असल्यामुळे पोलाद मात्र ३० ते ६० अंशांच्या आसपासच राहतं. प्लास्टिक गोठलं की साचा उघडतो आणि पिना पुढे सरकून अख्खी फ्रेम बाहेर ढकलतात.

दाबाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. ३० बाय २० सेंटीमीटरच्या फ्रेममध्ये पार्ट आणि रनर (पार्टपर्यंत प्लास्टिक नेणाऱ्या दांड्या) मिळून २०० चौरस सेंटीमीटर जागा व्यापतात असं समजू. पोकळीतला दाब दर चौरस सेंटीमीटरला ४०० किलो धरला, तर साचा मिटलेला ठेवायला ८० टनांचा जोर लागतो. तळहाताएवढं विमान बनवायला एवढं अवजड यंत्र का लागतं, ते यावरून कळेल.

डिझाइनची सुरुवात कुठून होते?

खऱ्या वस्तूपासून. कारखान्याचे मूळ आराखडे मिळाले तर ते, जुनी छायाचित्रं, देखभालीच्या पुस्तिका, आणि संग्रहालयात वस्तू उभी असेल तर तिची प्रत्यक्ष मोजमापं. हल्ली लेझर स्कॅनिंग सर्रास होतं. पण स्कॅन म्हणजे डिझाइन झालं असं अजिबात नाही. संग्रहालयातल्या विमानाचे टायर बसलेले असतात, पत्र्यांना पोचे पडलेले असतात, एखादा भाग भलत्याच आवृत्तीचा लावलेला असतो. स्कॅनमध्ये हे सगळं जसंच्या तसं येतं. त्यातलं काय खरं आणि काय काळाने बिघडवलेलं, हे अभ्यास केलेल्या माणसालाच ठरवावं लागतं.

दुसरा मुद्दा जाडीचा. १ मिलिमीटर जाडीचा पत्रा १:७२ प्रमाणात सुमारे ०.०१४ मिमी होतो. एवढ्या पातळ फटीत प्लास्टिक शिरतच नाही. म्हणून पंखाची मागची कड, अँटेना, चाकांची झाकणं अशा गोष्टी डिझाइनरला प्रमाणापेक्षा जाड कराव्या लागतात. जाड असूनही त्या पातळ कशा भासतील, यात त्याचं खरं कौशल्य दिसतं. कडेला उतार देणं ही त्यातली नेहमीची युक्ती.

जुन्या किटवर पॅनेल लाइन्स (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा) उठावाच्या आणि नव्यांवर कोरलेल्या का असतात?

माझ्या मते साच्याचं शास्त्र समजून घ्यायला याहून चांगला प्रश्न नाही.

साच्यात सगळं उलटं असतं. पार्टवर खाच हवी तर साच्यात उंचवटा लागतो, पार्टवर उंचवटा हवा तर साच्यात खाच. आता टूलरूममध्ये बसलेल्या कारागिराचा विचार करा. पोलादावर टोकदार हत्याराने ओरखडा काढणं सोपं आहे, तो ओरखडा पार्टवर उठावाची रेघ होऊन येतो. बारीक खळगा पाडला की पार्टवर रिव्हेटचं डोकं उमटतं. याउलट पार्टवर खोलगट रेघ हवी असेल, तर त्या रेघेच्या दोन्ही बाजूंचं सगळं पोलाद खाली उतरवायचं आणि मध्ये केसासारखी बारीक कड उभी ठेवायची. हाताने आणि साध्या यंत्रांनी हे काम फार जिकिरीचं. त्यामुळे १९५० आणि ६० च्या दशकांतल्या बहुतेक किटवर उठावाच्याच रेघा दिसतात.

चित्र पालटलं ते स्पार्क मशीनमुळे, म्हणजे ईडीएममुळे. यात तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोड तेलात बुडवून पोलादाच्या अगदी जवळ आणतात आणि मधल्या फटीत ठिणग्या पाडतात. प्रत्येक ठिणगी पोलादाचा सूक्ष्म कण उडवते आणि हळूहळू इलेक्ट्रोडचा आकार पोलादात उतरतो. ठिणगीने धातू झिजतो या त्रासदायक गोष्टीचाच उपयोग करून घ्यायची ही पद्धत बोरिस आणि नतालिया लाझारेंको या सोव्हिएत शास्त्रज्ञ दांपत्याने १९४३ च्या सुमारास विकसित केली. मॉडेलसाठी तिचं मोल असं, की इलेक्ट्रोड पार्टसारखाच सुलट असतो. मऊ तांब्यावर रेघ कोरायची, ती साच्यात कड होऊन उतरते आणि पार्टवर पुन्हा कोरीव रेघ होते. दोनदा उलटं झालं की सुलट येतं.

कोरीव रेघांचा फायदा जुळवणाऱ्याला लगेच कळतो. सांधा घासताना उठावाची रेघ पुसली जाते आणि पुन्हा उठवता येत नाही. कोरलेली रेघ बुजली तरी पुन्हा ओढता येते.

पण मग या रेघा खऱ्या प्रमाणात असतात का?

नाहीत. ०.१ मिमी रुंदीची रेघ १:७२ मध्ये ७.२ मिमी होते, आणि खऱ्या विमानाच्या पत्र्यांमध्ये बोट अडकेल अशा फटी नसतात. तरीही रेघ दिसावी, रंगाने बुजू नये, शाई धरून राहावी म्हणून ती मोठी ठेवतात, आणि ते मला योग्यच वाटतं. जिथे नसावी तिथे मात्र ती नको. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाच्या पंखाच्या पुढच्या भागातले रिव्हेट आणि सांधे कारखान्यातच पुटीने भरून गुळगुळीत केले जात, हवा पंखाला चिकटून वाहावी म्हणून. त्या जागी रिव्हेटच्या रांगा कोरलेलं किट कितीही देखणं असलं, तरी ते त्या विमानाच्या मूळ कल्पनेच्याच विरोधात जातं.

ड्राफ्ट म्हणजे काय आणि त्याची एवढी चर्चा का?

वाळूने भरलेली बालदी उपडी केली की किल्ला सुटून येतो, कारण बालदी तोंडाशी रुंद असते. साच्यालाही तसाच उतार लागतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. भिंत अगदी उभी असेल तर थंड होऊन आकसलेलं प्लास्टिक कोअरला, म्हणजे पार्टच्या पोकळीत शिरणाऱ्या साच्याच्या भागाला, घट्ट धरतं, बाहेर येताना ओरखडे पडतात किंवा पार्ट तुटतो. साधारण अर्धा ते दोन अंश उतार देतात.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण १ अंश उतारावर १० मिमी उंचीची भिंत वरच्या टोकाला सुमारे ०.१७ मिमी आत सरकते, १:३५ मध्ये जवळपास ६ मिमी. पेटीसारखी ट्रकची बॉडी एका पार्टमध्ये काढली तर ती किंचित निमुळती होणारच. म्हणून अनेक कंपन्या तळ आणि चारी बाजू वेगळ्या, सपाट पार्टच्या रूपात देतात. जुळवणाऱ्याचं काम वाढतं, पण कोपरे काटकोनात येतात आणि प्रत्येक बाजूवर पूर्ण तपशील बसतो. पार्टची संख्या फुगवली अशी तक्रार करण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

उताराचा सख्खा भाऊ म्हणजे अंडरकट: साचा सरळ उघडताना आड येणारा खळगा किंवा उंचवटा. ओंजळीसारखं वळलेलं हाताचं बोट, नळीचं आडवं भोक, कोटाच्या घडीमागची पोकळी हे सगळे अंडरकट. सैनिकांच्या आकृत्यांचे हात, डोकं, धड वेगळे मिळतात ते मुख्यतः यामुळेच.

स्लाइड मोल्ड म्हणजे काय?

दोन ठोकळ्यांखेरीज बाजूने आत-बाहेर सरकणारे तुकडे असलेला साचा. साचा उघडताना तिरप्या पिना हे तुकडे बाजूला ओढतात आणि अंडरकट मोकळा होतो. तोफेच्या नळीचं तोंड आरपार पोकळ मिळतं, रणगाड्याच्या बुरुजावर चहूबाजूंनी तपशील येतो, जहाजाच्या केबिनची चारी अंगं एका पार्टमध्ये निघतात.

किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. साचा गुंतागुंतीचा आणि महाग होतो, आणि प्रत्येक स्लाइड आपल्या कडेची एक जादा शिवण पार्टवर सोडते. ही शिवण पॅनेल लाइनवर किंवा नैसर्गिक कडेवर आणून ठेवणारा डिझाइनर मला नेहमी वरच्या दर्जाचा वाटतो.

प्लास्टिक आकसतं, मग माप बरोबर कसं येतं?

पॉलिस्टायरीन थंड होताना साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसतं, म्हणून साचा तेवढा मोठा कापतात. २५ सेंटीमीटर लांबीच्या जहाजाच्या पार्टमध्ये अर्धा टक्का म्हणजे सव्वा मिलिमीटर. सगळे पार्ट सारखेच आकसले तर काहीच अडचण नाही. अडचण येते ती जाडी बदलते तिथे. जाड भाग उशिरा थंड होतो, आतून ओढला जातो आणि पृष्ठभागावर खड्डा पडतो. त्याला सिंक मार्क म्हणतात. तो बहुधा मागच्या बाजूला खुंटी किंवा फासळी असते नेमका त्याच्या समोर दिसतो. थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की वेळ चौपट. भरीव दिसणारी चाकं आणि बॉम्ब दोन पोकळ अर्ध्यांत का देतात, त्याचं कारण हेच.

संगणकाआधी साचे कसे बनत?

मॉडेलच्या दुप्पट किंवा तिप्पट आकाराचा लाकडी नमुना आधी हाताने घडवत. त्यावरून रेझिनच्या उलट्या प्रती काढत आणि पँटोग्राफ यंत्रावर चढवत. यंत्राची एक सुई मोठ्या प्रतीवरून फिरे आणि तिला जोडलेला कटर तेच वळण छोट्या प्रमाणात पोलादात कापत जाई. आकार लहान होताना नमुन्यातल्या चुकाही त्याच प्रमाणात लहान होत, हा त्यातला मोठा लाभ. शेवटचा हात मात्र माणसाचाच असे. लाकडी नमुना घडवणारे आणि पोलादावर कोरणारे हे लोक विलक्षण कारागीर होते आणि त्यांची नावं डब्यावर कधीच आली नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आज त्रिमितीय डिझाइनवरून संगणकाने चालणारं सीएनसी मशीन थेट पोलाद किंवा इलेक्ट्रोड कापतं. तरी गोल कटर आतला कोपरा टोकदार कापू शकत नाही, कटरच्या त्रिज्येएवढी गोलाई राहतेच. त्यामुळे तीक्ष्ण कोपरे आणि खोल, अरुंद खाचा अजूनही स्पार्क मशीनच्या वाट्याला येतात.

कोणतं पोलाद वापरतात?

लांब पल्ल्याच्या साच्यांना पी-२० किंवा त्याहून कठीण एनएके-८० सारखं टूल स्टील. नीट निगा राखली तर असा साचा लाखो शॉट (एकदा प्लास्टिक भरून काढलेली फ्रेम म्हणजे एक शॉट) देतो. कमी प्रतींसाठी ॲल्युमिनियम चालतं, ते झटपट कापलं जातं पण कडा लवकर झिजतात.

फ्रेममधल्या पार्टची मांडणी कशी ठरते?

वितळलेलं प्लास्टिक सगळ्या पार्टमध्ये जवळपास एकाच वेळी पोचलं पाहिजे. मोठे पार्ट आधी आणि टोकाची बारीक अँटेना नंतर भरू लागली, तर तिथे पोचेपर्यंत प्लास्टिक गोठतं आणि पार्ट अर्धवट राहतो. म्हणून रनरची जाडी, वळणं आणि गेटची, म्हणजे रनरमधून पार्टमध्ये शिरण्याच्या तोंडाची, जागा यांचा मेळ घालावा लागतो. दोन प्रवाह समोरासमोर येतात तिथे वेल्ड लाइन पडते, ती नाजूक जागी येऊ नये हे पाहावं लागतं. कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला सुमारे ०.०२ मिमी खोलीच्या वाटा ठेवतात. हवा त्यातून निघते, प्लास्टिक शिरत नाही.

गेट कुठे ठेवला, यावरून डिझाइनर स्वतः किट जुळवतो की नाही ते मला कळतं. सांध्याच्या पृष्ठभागावर ठेवलेला गेट कापला की लपतो. पारदर्शक काचेच्या दर्शनी कडेवर ठेवला, तर कापताना पांढरा चट्टा उमटायचा धोका कायमचा.

इजेक्टर पिनचे गोल ठसे नेमके दिसतील अशा जागी का असतात?

पार्ट जिथे साच्याला सर्वात घट्ट धरतो तिथेच ढकलायला पिन लागते. पातळ पार्टला एकाच जागी ढकललं तर तो वाकतो, म्हणून ठसे अनेक. चांगली कंपनी ते आतल्या बाजूला, आसनाखाली किंवा पार्टला जोडून ठेवलेल्या छोट्या गोल पुडांवर नेते. ती पुडं कापून टाकायची असतात. पण चाकांच्या विहिरीची झाकणं दोन्ही बाजूंनी दिसतात, तिथे पळवाट नसते.

कॅनपीच्या (वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या) मधोमध शिवण का येते?

एफ-१६ सारख्या विमानाची कॅनपी आडव्या छेदात वर फुगीर आणि तळाशी आत वळलेली असते. म्हणजे अंडरकट आलाच. साचा दोन बाजूंना उघडावा लागतो आणि शिवण डोक्यावर येते. बारीक सँडिंग करून पॉलिश केली की ती नाहीशी होते. आकार चुकीचा पण शिवण नाही, यापेक्षा शिवण असलेली बरोबर आकाराची कॅनपी मी केव्हाही घेईन. पारदर्शक पार्टचा साचा डायमंड पेस्टने आरशासारखा घासलेला असतो, कारण पोलादावरचा प्रत्येक ओरखडा काचेत उमटतो.

टेस्ट शॉट म्हणजे काय?

नव्या साच्यातून काढलेले पहिले नमुने. इथे एक नियम पाळतात: पोलाद आधी राखून ठेवायचं. कापलेलं पोलाद परत येत नाही, त्याला वेल्डिंग करून पुन्हा घडवावं लागतं. म्हणून पार्टवरची खुंटी आधी मुद्दाम बारीक ठेवतात, कारण साच्यातलं तिचं भोक नंतर वाढवता येतं. पार्टमधलं भोक आधी मोठं ठेवतात, कारण ते पाडणारी साच्यातली पिन नंतर घासून बारीक करता येते. पहिल्या टेस्ट शॉटचे जोड सैल दिसले तर लगेच किट वाईट ठरवू नये.

गोंदाशिवाय जुळणारी, रंगीत फ्रेमची किट कशी बनतात?

खुंटी आणि भोक यांच्यातला फरक मिलिमीटरच्या काही शतांशांत राखून. या बाबतीत बंदाई या जपानी कंपनीचं काम अभ्यासण्यासारखं आहे. एकाच फ्रेममध्ये अनेक रंगांचं प्लास्टिक भरायची पद्धत त्यांनी पक्की केली. २०१० साली सुरू झालेल्या रिअल ग्रेड मालिकेत तर हलणारे सांधे साच्यातूनच जुळलेले निघाले. एकमेकांना न चिकटणारी प्लास्टिकं एकापाठोपाठ भरून ते साधलं जातं.

शॉर्ट-रन (थोड्याच प्रती काढायच्या) किटच्या साच्यात काय वेगळं असतं?

साचा रेझिनचा किंवा मऊ धातूचा, दाब कमी. इजेक्टर पिना बहुधा नसतात, गेट जाड असतात, जुळणीच्या खुंट्याही बऱ्याचदा नसतात. जुळवायला वेळ लागतो. पण मोठ्या कंपन्या ज्या विमानांना कधी हात लावणार नाहीत ती याच मार्गाने प्लास्टिकमध्ये आली आहेत, म्हणून या किटबद्दल मला आदर आहे.

त्रिमितीय प्रिंटिंगमुळे साचे संपतील का?

मोठ्या संख्येसाठी तरी नाही. प्रिंटरला शंभरावी प्रत काढायला पहिलीइतकाच वेळ लागतो, साच्यातून ती मिनिटाभरात पडते. नमुने तपासायला आणि छोट्या जादा पार्टसाठी मात्र प्रिंटिंग उत्तम आहे, त्याला अंडरकटची भीतीच नाही.

जुने साचे कुठे जातात?

एका कंपनीकडून दुसरीकडे. १९३६ मध्ये १:७२ ची सेल्युलोज ॲसिटेटची पेंग्विन मालिका काढणाऱ्या फ्रॉग या ब्रिटिश कंपनीचे पुढच्या काळातले अनेक साचे १९७० च्या दशकात सोव्हिएत संघात गेले आणि नोव्हो नावाने विकले गेले. एअरफिक्स ही दुसरी ब्रिटिश किट कंपनी १९८१ साली बुडाली, १९८६ मध्ये हंब्रोलकडे आणि २००६ मध्ये हॉर्नबीकडे आली, आणि साचेही या मालकांबरोबर फिरले. त्यामुळे नव्या डब्यात पन्नास वर्षांपूर्वीचा साचा असू शकतो. साचा तेल लावून कोरडा ठेवला तर टिकतो. गंज चढला किंवा कडा झिजल्या की फटीतून प्लास्टिक बाहेर येतं आणि पार्टभोवती फ्लॅशचा पातळ पापुद्रा दिसू लागतो.

फ्रेम बघून साच्याबद्दल आणखी काय कळतं?

बरंच. रेघा उठावाच्या असतील तर साचा बहुधा जुना. पार्टिंग लाइनवर (साच्याचे दोन भाग मिळतात त्या रेघेवर) पायरी जाणवली, तर साच्याचे दोन भाग नीट जुळत नाहीत. फ्रेमवर कोरलेलं साल साच्याचं असतं, डब्यावरचं साल छपाईचं. एखाद्या पार्टभोवती चौकोनी बारीक रेघ दिसली, तर तिथे बदलता येणारा तुकडा बसवलेला आहे. आणि रनर मध्येच थांबून पलीकडची जागा रिकामी असेल, तर ती वाट वळणारी खिट्टी फिरवून बंद केलेली असते. त्या बाजूला दुसऱ्या आवृत्तीचे पार्ट आहेत. बंद वाटा आणि सूचनापत्रकात ‘वापरू नका’ म्हणून राखाडी केलेले पार्ट एकत्र मांडले, तर पुढे कोणती आवृत्ती येणार याचा अंदाज कंपनीने जाहीर करण्याआधीच बांधता येतो.